बारावीच्या पुस्तकातला अर्ध्या पानाचा माणूस

मित्रांनो, बारावीला ज्यांनी बायोलॉजी सोडली नव्हती त्यांना ग्रिफिथचा प्रयोग नक्की आठवत असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ओळीने काढलेले चार उंदीर. पहिल्याला न्यूमोनियाचे खडबडीत जिवाणू टोचले, उंदीर जगला. दुसऱ्याला गुळगुळीत जिवाणू टोचले, उंदीर मेला. तिसऱ्याला तेच गुळगुळीत जिवाणू तापवून, मारून टोचले, उंदीर जगला. चौथ्याला मेलेले गुळगुळीत आणि जिवंत खडबडीत असे एकत्र टोचले. हिशेबाने हा जगायला हवा होता, पण मेला! आणि त्याच्या रक्तात सापडले चक्क जिवंत गुळगुळीत जिवाणू. म्हणजे मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेलं. ते काहीतरी म्हणजे डीएनए, हे पुढे सिद्ध झालं.

आपण आकृती काढली, मार्क घेतले, सीईटी दिली आणि विषय संपला. पण हा ग्रिफिथ होता कोण? आणि हा भला माणूस उंदरांना मेलेले आणि जिवंत जिवाणू एकत्र करून टोचण्याचा उद्योग का करत होता? पुस्तकात त्याला अर्धं पान दिलंय, त्यात हे काही नाही. गंमत म्हणजे त्याला आनुवंशिकतेचं कोडं सोडवायचंच नव्हतं. त्याला पडलेला प्रश्न साधा होता. न्यूमोनियाचा जिवाणू आपली जात बदलतो का? हा प्रश्न आज आमच्या राजापूर तालुक्यातल्या अंगणवाडीत लस टोचून घेणाऱ्या बाळापर्यंत येऊन पोहोचला आहे. म्हणून यंदा मासिकासाठी फ्रेडरिक ग्रिफिथ यांच्यावर लिहायचं ठरवलं.

ग्रिफिथ यांचा जन्म १८७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये, लँकेशायर परगण्यातला. लिव्हरपूलला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९०१ मध्ये ते डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटला नाही. क्षयरोगाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगासाठी त्यांनी काम केलं आणि १९१० मध्ये ते सरकारी नोकरीत, लंडनच्या प्रयोगशाळेत आले. पुढे हीच प्रयोगशाळा तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या ताब्यात आली. गावोगावच्या डॉक्टरांनी पाठवलेले थुंकीचे, रक्ताचे नमुने तपासायचे आणि कुठला जंतू आहे ते कळवायचं, असं हे काम. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग डिपार्टमेंट! तिथे त्यांना विल्यम स्कॉट नावाचे सहकारी मिळाले आणि ही जोडी शेवटपर्यंत टिकली. प्रयोगशाळा बेताचीच, साधनं तुटपुंजी. पण रॉकेलचा एक डबा आणि एक स्टोव्ह दिला तर ही दोघं एखाद्या राजवाड्यात होणार नाही एवढं काम करून दाखवतील, असं त्यांना ओळखणारे म्हणत. आमच्या वर्कशॉपमध्ये अशा माणसाला जुगाडू म्हणतात, आणि ती शिवी नसते.

त्या काळात न्यूमोनिया म्हणजे यमाचं बोलावणं होतं. पेनिसिलिन यायला अजून वेळ होता. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. आपल्याकडे ती मुंबई बंदरातून शिरली आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं दगावली. त्यातल्या पुष्कळांचा जीव नुसत्या फ्लूने गेला नाही. फ्लूने पोखरलेल्या फुप्फुसात मागाहून शिरलेल्या जिवाणूंनी न्यूमोनिया केला आणि तो त्यांना घेऊन गेला. या जिवाणूंमधला एक मोठा गुन्हेगार म्हणजे न्यूमोकॉकस. त्याच्याविरुद्ध लस किंवा औषधी सीरम करता येईल का, हा तेव्हा सगळ्या जगापुढचा प्रश्न होता.

इथे थोडी तांत्रिक माहिती द्यावी लागेल. घाबरू नका, ओरल घेणार नाही. न्यूमोकॉकसच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं एक गुळगुळीत आवरण असतं. आपण त्याला रेनकोट म्हणू. रेनकोट असला की आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो नीट पकडता येत नाही, निसटतो. रेनकोट नसलेला जिवाणू खडबडीत दिसतो आणि लगेच मारला जातो. शरीर जेव्हा प्रतिद्रव्यं तयार करतं तेव्हा ती मुख्यतः या रेनकोटविरुद्ध करतं. अडचण अशी की रेनकोट एकाच रंगाचा नसतो. पिवळ्या रेनकोटवाल्याला पकडायला शिकलेली प्रतिद्रव्यं निळ्या रेनकोटवाल्याला ओळखतच नाहीत. ग्रिफिथ यांच्या काळात पहिला, दुसरा, तिसरा असे तीन ठळक प्रकार आणि उरलेल्या सगळ्यांचा चौथा गट अशी विभागणी होती. आज असे शंभराहून अधिक प्रकार माहीत आहेत.

म्हणजे सीरम द्यायचं तर आधी प्रकार ओळखायला हवा. ग्रिफिथ यांच्याकडे हेच काम आलं. बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक नावाचं कारखान्यांचं गाव आहे. तिथल्या न्यूमोनियाच्या रुग्णांचे नमुने ते १९२० पासून १९२७ पर्यंत तपासत राहिले. नमुना आला की प्रकार ठरवायचा, वहीत नोंद करायची, पुढचा नमुना घ्यायचा. सलग सात वर्षं! आपल्याला एका सेमिस्टरचं जर्नल पूर्ण करताना नाकी नऊ येतात.

पण वही भरत गेली तसं तिच्यातून एक चित्र दिसू लागलं. सुरुवातीला भरपूर सापडणारा दुसरा प्रकार वर्षागणिक कमी होत चालला होता आणि चौथ्या गटातले किरकोळ समजले जाणारे प्रकार वाढत होते. गाव तेच, आजार तोच, पण आजार करणारे बदलत होते. लक्षात घ्या, तेव्हा स्मेदिकमध्ये कोणी लस टोचत नव्हतं. हा बदल आपोआप होत होता. दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. एकाच रुग्णाच्या थुंकीत कधी कधी तीन-चार वेगवेगळे प्रकार निघत. आता एका माणसाने चार ठिकाणांहून चार वेगळे जंतू गोळा केले असं मानायचं, की एकाच जंतूने आतल्या आत वेश बदलला असं मानायचं?

त्यापूर्वी १९२३ मध्येच त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली होती. गुळगुळीत न्यूमोकॉकस त्याच्याच विरुद्धच्या सीरममध्ये वाढवत ठेवला की त्यातून रेनकोट टाकून दिलेले खडबडीत जिवाणू मिळतात. शत्रू रेनकोट बघूनच पकडतोय म्हटल्यावर उघडा असलेलाच वाचणार! प्रतिकारशक्तीचा दाब आला की जंतूंच्या गर्दीतून वेगळेच वर येतात, ही गोष्ट इथेच दिसली होती.

आता उंदरांकडे या. ग्रिफिथ यांनी जिवंत खडबडीत जिवाणू घेतले ते दुसऱ्या प्रकारापासून निघालेले. तापवून मारलेले गुळगुळीत जिवाणू घेतले ते तिसऱ्या प्रकारचे. उंदीर मेल्यावर रक्तात जे जिवंत जिवाणू मिळाले त्यांच्या अंगावर तिसऱ्या प्रकारचा रेनकोट होता! मेलेल्यांचा रेनकोट जिवंतांनी नुसता उचलून घातला असता तर तो पुढच्या पिढीत गेला नसता. पण या जिवाणूंची पिल्लावळही तिसऱ्याच प्रकारची निघाली. म्हणजे रेनकोट शिवायची रीतच त्यांनी उचलली होती. बारावीच्या आकृतीत हे दुसरा-तिसरा प्रकरण गाळलं जातं, आणि खरी गोष्ट तर त्यातच आहे. न्यूमोकॉकस जात बदलू शकतो हे ग्रिफिथ यांना दिसलं. हा निबंध १९२८ च्या सुरुवातीला जर्नल ऑफ हायजीन या नियतकालिकात आला. नाव अगदी साधं होतं, न्यूमोकॉकसच्या प्रकारांचं महत्त्व अशा अर्थाचं. कुठे गाजावाजा नाही.

गाजावाजा त्यांच्या स्वभावातच नव्हता. माणूस कमालीचा लाजाळू. १९३६ मध्ये लंडनमध्येच सूक्ष्मजीवशास्त्राची जागतिक परिषद भरली होती, तिथे जायलाही ते तयार नव्हते. शेवटी मित्रांनी जवळजवळ ढकलतच त्यांना टॅक्सीत बसवलं अशी हकिकत सांगतात. तिथे त्यांनी निबंध वाचला तोही इतक्या हळू आवाजात की समोरच्यांना धड ऐकू आला नाही. सेमिनारच्या दिवशी पोटात गोळा येणाऱ्या आपल्या दोस्तांनी हे जरूर लक्षात ठेवावं! न्यूमोकॉकसनंतर त्यांनी घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसचे प्रकार लावायचं काम हाती घेतलं आणि तेही तसंच चिकाटीने केलं.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मन विमानांनी लंडनवर जबर बॉम्बफेक केली. त्यात ग्रिफिथ गेले. त्यांचे जुने सहकारी स्कॉटही त्याच हल्ल्यात गेले. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, न्यूयॉर्कला एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी सिद्ध केलं की ग्रिफिथ यांच्या उंदरात मेलेल्यांकडून जिवंतांकडे गेलेली वस्तू म्हणजे डीएनए. त्यातून जनुकशास्त्राचा एवढा मोठा डोलारा उभा राहिला आणि पाया घालणाऱ्याला त्याचा पत्ताच लागला नाही.

मग पेनिसिलिन आलं. इंजेक्शन दिलं की न्यूमोनिया बरा होतोय म्हटल्यावर जंतूचा प्रकार विचारतो कोण? ग्रिफिथ यांचं उंदरांचं चित्र पुस्तकात गेलं आणि स्मेदिकची वही कपाटात. पण प्रतिजैविकांना दाद न देणारे न्यूमोकॉकस दिसू लागले तसे लोक पुन्हा लसीकडे वळले. नुसत्या रेनकोटच्या साखरेपासून केलेली लस मोठ्या माणसांना चालायची, पण दोन वर्षांच्या आतल्या बाळांचं शरीर तिला नीट प्रतिसाद देत नाही, आणि जास्त मरतात ती बाळंच. तेव्हा ती साखर एका प्रथिनाला जोडून लस केली. अशी पहिली लस अमेरिकेत २००० मध्ये बाळांना द्यायला सुरुवात झाली. शंभरावर प्रकारांपैकी सातच प्रकार तिच्यात होते, पण तिथे बाळांना सर्वांत जास्त आजारी पाडणारे.

परिणाम जबरदस्त झाला. ते सात प्रकार बघता बघता नाहीसे व्हायला लागले. आणि मग लसीत नसलेला एक प्रकार डोकं वर काढू लागला. त्याचं नाव १९ए. स्मेदिकच्या वहीत जे आपोआप घडताना दिसलं होतं तेच आता लसीच्या धक्क्याने, वेगात घडत होतं.

हे दोन प्रकारांनी घडतं. पहिला प्रकार कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. गणपतीत मुंबईहून निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. खेडला चार माणसं उतरली की त्या जागा रिकाम्या राहतात का? उभे असलेले टपूनच असतात. न्यूमोकॉकस एरवी निरोगी पोरांच्या नाकात-घशात मुकाट बसलेला असतो. लसीने त्यातल्या ठरावीक प्रकारांना खाली उतरवलं की रिकाम्या जागी दुसरे प्रकार बसतात. दुसरा प्रकार म्हणजे ग्रिफिथ यांचा उंदीर! लसीत असलेल्या चौथ्या क्रमांकाच्या प्रकाराच्या काही जिवाणूंनी १९ए ची रेनकोट शिवायची जनुकं उचलली. आत माणूस जुनाच, अंगावर कोट नवा. लसीने शिकवलेली प्रतिद्रव्यं जुना कोट शोधत राहिली आणि हा समोरून निघून गेला. अमेरिकेतले शास्त्रज्ञ जनुकं वाचून या निष्कर्षाला आले. १९२८ मध्ये उंदरात पाहिलेली गोष्ट माणसांच्या वस्तीत घडत होती.

आता राजापूरची गोष्ट. माझी आत्या तालुक्यातल्या एका वाडीवर आशा कार्यकर्ती आहे. सुट्टीत तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिच्यापुढे एक पेच होता. साडेतीन महिन्यांच्या एका बाळाचा न्यूमोनियाच्या लसीचा दुसरा डोस आला होता आणि आई नको म्हणत होती. बाळाचे वडील मुंबईला. त्यांनी मोबाइलवर कुठेतरी वाचलं की या लसीमुळे नवीन जंतू तयार होतात, आणि फोन करून सांगितलं की पोराला टोचू नका. आत्या सातवीपासून मला शिकलेला समजते, म्हणून तिने मलाच विचारलं की हे खरं की खोटं.

खोटं म्हणून मोकळं होता येत नव्हतं. कारण त्यात अर्धं खरं होतं आणि अर्धं खरं हे पूर्ण खोट्यापेक्षा जास्त पसरतं. मी तिला गाडीचं उदाहरण देऊन सांगितलं. एक, लस जंतू बनवत नाही. ते प्रकार आधीपासूनच गर्दीत उभे होते, त्यांना जागा मिळाली एवढंच. दोन, जागा पकडणारे बरेचसे नवे प्रकार जुन्यांइतके घातक नाहीत. नाकात बसून राहतात, पण रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात घुसण्यात ते कच्चे पडतात. म्हणून एकूण हिशेब काय सांगतो ते पाहायचं. अमेरिकेत पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये या जंतूचा गंभीर आजार १९९८ मध्ये दर लाखामागे सुमारे ९५ मुलांना होत होता. २०१६ मध्ये तो सुमारे ९ वर आला. नव्या प्रकारांनी झालेला आजार धरूनसुद्धा! तीन, १९ए वाढतोय हे कळल्यावर कोणी हात बांधून बसलं नाही. २०१० मध्ये तेरा प्रकारांची लस आली, तिच्यात १९ए घातला गेला आणि मग तोही खाली आला.

आत्याने यातलं तिला हवं तेवढं घेतलं आणि ती त्या घरी तीन वेळा जाऊन आली. पुढच्या सत्राला आई बाळाला घेऊन आली. बाळ मांडीत सुई घेऊन वाडी डोक्यावर घेत होतं, म्हणजे फुप्फुसं ठणठणीत होती!

आपल्या देशात ही लस सरकारी कार्यक्रमात २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि बिहार, उत्तर प्रदेशच्या काही जिल्ह्यांपासून सुरू झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रासह देशभर गेली. सहा आठवड्यांना, चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात असे तीन डोस, तेही फुकट. आणि आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वतःची दहा प्रकारांची लस केली. न्यूमोसिल नावाने ती डिसेंबर २०२० मध्ये भारतात आली. तिच्यातल्या प्रकारांची निवड बघण्यासारखी आहे. बाहेरच्या दहा प्रकारांच्या लसीत असलेले ४ आणि १८सी हे प्रकार तिच्यात नाहीत, त्याऐवजी ६ए आणि १९ए आहेत. कारण आशिया-आफ्रिकेतल्या मुलांना कुठले प्रकार जास्त सतावतात त्याच्या नोंदी पाहून ही यादी ठरवली. या नोंदी कोणी केल्या? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं नमुने तपासून, प्रकार लावून वह्या भरणाऱ्या माणसांनी. म्हणजे ग्रिफिथ यांच्याच गोत्रातल्या माणसांनी.

आणि हे काम संपलेलं नाही. इंग्लंडमध्ये तेरा प्रकारांच्या लसीनंतर म्हाताऱ्या माणसांत ८, १२एफ असे प्रकार वाढले. पुढे मोठ्यांसाठी वीस प्रकारांची लस आली, तिच्यात हे दोन्ही घेतले आहेत. जंतू हलतोय, लस हलतेय. आपल्याकडे देशभर लस सुरू होऊन थोडीच वर्षं झाली आहेत. इथे रिकाम्या जागेवर कोण येऊन बसेल हे अमेरिकेची वही पाहून सांगता येणार नाही. त्यासाठी इथलेच नमुने, इथलीच वही हवी.

आमच्या राजापूरची गंगा तुम्ही ऐकली असेल. ती कधी प्रकट होईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात पण तेही पक्कं नाही. म्हणून गंगा कोणत्या तारखेला आली, किती दिवस राहिली याची नोंद लोक आवर्जून ठेवतात. नेम नसलेल्या गोष्टीशी वागायची हीच रीत आहे. पाहत राहायचं आणि लिहून ठेवायचं.

आपण इंजिनिअर होणार म्हणजे काय करणार? पूल बांधू, मशीन बसवू, सॉफ्टवेअर लिहू. उद्घाटनाला फोटो निघतील. पण पुलाचा तडा दर पावसाळ्यात मोजणारा, मशीनचं लॉगबुक रोज भरणारा, सॉफ्टवेअर चालू झाल्यावर त्यातल्या चुका नोंदवत बसणारा माणूस फोटोत नसतो. लसीचंही तसंच आहे. टोचली म्हणजे काम झालं असं नाही, तिथून मोजायचं काम सुरू होतं. ते सोडलं तर चांगल्यातली चांगली लसही काही वर्षांनी जुन्या कोटाच्या मागावर फिरत राहील. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी रॉकेलच्या डब्याएवढ्या साधनांत सात वर्षं एका गावाची थुंकी मोजली. त्यातून डीएनएचा रस्ता निघाला हा बोनस झाला. आणि आज कोणी लसीने जंतू बदलतात म्हणून घाबरवायला लागला, तर जंतू तर बदलतातच, म्हणूनच आम्ही मोजतो, असं शांतपणे सांगता येतं, ही त्यांची खरी कमाई.

तेव्हा पुढच्या वेळी लॅबमध्ये रीडिंग घ्यायचा कंटाळा आला आणि शेजारच्याची वही ओढून उतरवायचा मोह झाला, तर त्या अर्ध्या पानाच्या माणसाची आठवण ठेवा. एखादं रीडिंग आपलं स्वतःचं घ्या. कोणाच्या आणि कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी